बाबांच्या अंगावरचे डाग: नाव बुरशीचं, निघाला कॅन्सर, आणि इलाज म्हणे दिव्याखाली उभं राहायचं?

कात्रीवाला (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसतं वाचून जाणारा, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा टेलर आहेत, वय ६१. नऊ वर्षांमागं कमरेला, नाडीच्या खाली, एक लालसर चट्टा उठला. खाज थोडी. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं गजकर्ण, दिवसभर मशीनवर बसून घाम धरतो म्हणून. मेडिकलमधनं मलम आणलं, आठ दिवसांत गेलं, महिन्यात परत आलं. असं तीन-चार वर्षं. मग मांडीला आतनं आले, कुल्ल्यावर आले. एका डॉक्टरांनी इसब म्हटलं, दुसऱ्यांनी सोरायसिस, आणि आम्ही दर वेळी मान हलवत गेलो, कारण बाबा दुकान सोडून दवाखान्यात बसायला तयार नाहीत आणि डाग तरी कुणाला दिसतात, कपड्याखालीच की. यंदा दसऱ्यानंतर नवीन स्किनच्या डॉक्टर मॅडमनी दोन ठिकाणचा तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला, मायकोसिस फंगॉइडिस. मी म्हटलं बघा, फंगस, म्हणजे गजकर्णच! मॅडम म्हणाल्या नाही, हा कातडीचा लिम्फोमा, कॅन्सरचाच एक प्रकार. आई होती तिथंच खाली बसली.

आता ह्यातली मेख अशी की कॅन्सर म्हणतात आणि इलाज काय, तर आठवड्यातनं तीनदा एका कपाटात दिव्याखाली उभं राहायचं, वर एक मलम. किमो नाही, ऑपरेशन नाही. पुण्याचे मामा फोनवर ओरडालेत की तुम्ही वेळ घालवालाय, उचला आणि मुंबईला टाटाला न्या, किमो चालू करा. बाबा म्हणतात दिवा बरा, केस जात नाहीत.

कुणाच्या घरात हे झालंय का? दिव्यानं कॅन्सर जातो का खरंच? आणि आई बाबांचा टॉवेल वेगळा धुवालीय, बहिणीला स्थळं बघालोय, तिकडं काय सांगायचं तेही कळंना झालंय.

कुंदा_पाव_किलो

नऊ वर्षं गजकर्ण! आमच्याकडं ज्याचं निदान होत नाही त्याला गजकर्ण आणि ज्याचं अजिबातच होत नाही त्याला उष्णता म्हणतात. बाबांना काळजी घ्यायला सांगा. जाणकार येतील, धागा वर ठेवतो.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट. माहेर टिळकवाडी, नोकरी बाहेरगावी. तुमच्या बाबांच्या स्लाइड मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळं लिहिते ते आजाराबद्दल, बाबांचं तुमच्या मॅडमच सांगतील.

आधी नावाचा घोळ. १८०६ साली पॅरिसमध्ये अलिबेर नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण बघितला, अंगावर अळंब्यांसारख्या गाठी उठलेल्या. दिसायला अळंबी, म्हणून पुढं नाव पडलं ते बुरशीचं. बुरशीचा ह्यात काही संबंध नाही हे नंतर कळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यामुळं तुम्ही फंगस वाचून हुरळलात ह्यात तुमची चूक नाही, मी शिकवते त्या मुलांतसुद्धा दर वर्षी एकजण तरी अँटीफंगल लिहितो.

हा आहे टी पेशींचा आजार. ह्या पांढऱ्या पेशी एरवी कातडीत पहारा देतात. त्यातल्या एकीची वंशावळ बिघडते आणि कातडीतच ठाण मांडून बसते. स्लाइडवर बघितलं तर काळ्या, वेड्यावाकड्या केंद्राच्या पेशी कातडीच्या वरच्या थरात शिरून तळाच्या रेघेवर ओळीनं बसलेल्या दिसतात, शाळेच्या कंपाउंडवर पोरं बसतात तशा. कधी वरच्या थरात त्यांचा छोटा घोळका दिसतो, तो दिसला की आमचं काम सोपं. पण सुरुवातीला तो बहुतेक वेळा दिसतच नाही. पेशी थोड्या, बाकी सगळं इसबासारखं. म्हणून पहिल्या बायॉप्सीत हे सुटणं नेहमीचं आहे. अनेक देशांच्या मिळून झालेल्या एका नोंदणीत सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटांना निदान व्हायला लागलेला मधला काळ ३६ महिने निघाला होता. आणि त्यात वरनं स्टेरॉइडचं मलम चालू असलं तर ह्या पेशी तात्पुरत्या पळतात आणि आम्हाला रिकामं घर दिसतं. तुकडा काढण्याआधी दोन-चार आठवडे मलम बंद ठेवायला सांगतात ते ह्यासाठी.

टॉवेलचं: हा आजार लागत नाही. टॉवेल, ताट, अंथरूण, काही वेगळं करायची गरज नाही. बाबांकडनं मुलांकडं आनुवंशिकतेनं येणारा म्हणून हा ओळखला जात नाही, बहिणीच्या स्थळाशी ह्याचा संबंध लावू नका.

अनगोळचा_आन्या

स्लाइडवाली, "लिहिते", "शिकवते"? बेळगावची पोरगी "लिहितो" म्हणायची! बाहेर जाऊन बिघडलीस बघ.

स्लाइडवाली

घरी आल्यावर "जेवतो" म्हणतो की. इथं लोक मला पुरुष समजतील म्हणून सांभाळून लिहालोय.

मामांच्या_बाजूने

मी स्पष्ट बोलणारा माणूस. लिम्फोमा म्हणजे लिम्फोमा. माझ्या दाजींना मानेत गाठ आली, लिम्फोमाच निघाला, सहा किमो झाल्या, केस गेले, आले, आज माणूस ऊस तोडालाय. त्या वेळी कुणी दिव्याखाली उभं राहा म्हटलं असतं तर दाजी नसते. मामा बरोबर आहेत. कॅन्सरला लाड नकोत, सुरुवातीलाच ठोकायचा. दिवा वगैरे लहान गावात मोठी मशीन नाही म्हणून सांगतात.

हलगा_मार्गे

+१. मुंबई ती मुंबई.

स्लाइडवाली

दाजी बरे झाले, आनंद आहे. पण दाजींचा आजार वेगळा. लिम्फोमा हे आडनाव समजा, आत पन्नास कुटुंबं आहेत. गाठींत सुरू होणारा वेगळा, आणि कातडीत सुरू होऊन निदानाच्या वेळी दुसरीकडं कुठंच नसणारा वेगळा, मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारखे दिसले तरी वागणं वेगळं. एवढ्याचसाठी कातडीच्या लिम्फोमांची स्वतंत्र वर्गवारी केली, २००५ साली, मग २०१८ साली सुधारून.

आणि "सुरुवातीलाच ठोका" हे लोकांनी करून बघितलंय. अमेरिकेत १०३ पेशंटांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, सगळे ह्याच आजाराचे. एका गटाला सगळ्या अंगावर इलेक्ट्रॉनचं रेडिएशन अधिक चार औषधांची किमो, दुसऱ्याला आधी नुसते कातडीवरचे इलाज आणि लागेल तसं पुढं. १९८९ साली निकाल छापला. ठोकलेल्या गटात डाग पूर्ण गेलेले लोक जास्त, ३८ टक्के विरुद्ध १८. पण डाग परत आले, आणि जगण्यात फरक पडला नाही. त्रास मात्र ठोकलेल्यांनाच जास्त. तेव्हापासून सुरुवातीच्या स्टेजला किमो नाही हे ठरून गेलं. टाटाला गेलात तरी चट्ट्यांच्या स्टेजला बहुतेक हेच सांगतील, फक्त रांग मोठी असेल. दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) दोन्ही मागून न्या, तो तुमचा हक्क आहे.

मामांच्या_बाजूने

३८ आणि १८ मध्ये मी ३८ घेईन.

अनगोळचा_आन्या

आणि उलट्या कोण घेणार, दाजी?

खानापूरची_आई

कात्रीवाला दादा, आमच्या घरात झालंय, म्हणून लिहिते. माझी मुलगी, तेव्हा ११ वर्षांची. तिचे डाग लाल नव्हते, पांढरट होते. पाठीला, मांडीला, दंडाच्या आतल्या बाजूला. आधी सगळे म्हणाले शिबं आहेत, लिंबू लावा. मग सासूबाईंनी हळूच कोड म्हटलं आणि घरात जे काय वातावरण झालं ते लिहीत नाही. त्यानंतर गावातल्या एका बाईंनी महारोग म्हटलं. मी दोन दिवस जेवले नाही.

बेळगावला नेलं. डॉक्टरांनी पोरीला डोळे मिटायला सांगून डागावर कापसाची वात फिरवली, कुठं लागालंय बोट दाखव म्हणाले. तिनं प्रत्येक ठिकाणी बरोबर दाखवलं. म्हणाले, महारोगाच्या डागाला बधिरपणा येतो, हिचं तसं नाही. तरी तुकडा काढू. पहिल्यात काही नाही. सहा महिन्यांनी परत काढला, तेव्हा हेच नाव, पुढं "हायपोपिगमेंटेड". म्हणाले सावळ्या कातडीच्या लोकांत आणि लहान मुलांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि ह्याची चाल फार सौम्य असते.

दिवाच दिला. मधे परीक्षा, मधे पावसाळ्यात घाटातली बस बंद, तरी चार महिन्यांत रंग भरला. दीड वर्षानं दोन डाग परत आले, परत दिवा. आता १६ वर्षांची आहे, सहा महिन्यांनी दाखवायला जातो. ती स्वतःच म्हणते माझं हे सर्दीसारखं आहे, येतं. आईला टॉवेल एकत्र धुवायला सांगा हो, बाबांना कसं वाटत असेल.

कात्रीवाला

ताई, हे वाचून आईला दाखवलं. काही बोलली नाही, पण संध्याकाळी दोरीवर टॉवेल शेजारी होते.

जोंधळा_भाकरी

आयुर्वेदात ह्यावर बावची आहे. बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसायचं. हजारो वर्षांची विद्या. कपाटातल्या दिव्याला पैसे कशाला?

औषधवाला (चिकोडी)

बावची उगाच नाही, पण अर्धीच गोष्ट सांगालाय तुम्ही. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, त्यानं कातडी उन्हाला हळवी होते. आधुनिक औषधात तोच सोरालेनचा गट, मोजून गोळी द्यायची आणि मग यूव्हीए नावाच्या किरणांखाली उभं करायचं, पुवा म्हणतात त्याला. जाड चट्ट्यांना पुवा जास्त लागू पडतो, कारण ती किरणं खोल जातात, पातळ चट्ट्यांना नॅरोबँड, म्हणजे यूव्हीबी किरणांचा दिवा, तिथं गोळी लागत नाही. तेव्हा विद्या एकच, फरक मोजमापाचा. तेल किती, ऊन किती, कोण मोजतंय? आमच्या दुकानासमोरच्या माणसानं बावचीचं तेल लावून शेतात दुपारी काम केलं, पाठीला टरारून फोड आले.

कुंदा_पाव_किलो

औषधवाला, तुम्ही मेडिकलवाले ना? मग ते मूळ मलम कोण देतं सांगा की. कात्रीवाल्याच्या बाबांना नऊ वर्षं मलम कुणी दिलं?

औषधवाला (चिकोडी)

आला का गाडा आमच्याच दारात. मान्य करतो, अर्धं पाप आमच्या धंद्याचं. स्टेरॉइड, अँटीफंगल आणि अँटीबायोटिक तिन्ही एका ट्यूबमध्ये, काही लागू पडो न पडो, खाज चार दिवसांत थांबते. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. पण गिऱ्हाइकाचं पण बघा. गेल्या आठवड्यात एक बाई आली, रिकामी ट्यूब दाबून चपटी केलेली, म्हणाली हीच पायजे, माझ्या जावेला पण लागू पडली, तिच्या पोराला पण. तीन माणसं, तीन आजार असतील, ट्यूब एक. आता मी एकच करतो, दुसऱ्यांदा तीच ट्यूब मागायला आला की "किती दिवस झाले" विचारतो. महिन्याच्या वर झाले म्हणाला की डॉक्टरकडं घालवतो. शिव्या खातो.

संकेश्वरी_मिरची

इथं जरा थांबा. ह्या धाग्यानं आता अर्धा जिल्हा आपापल्या चड्डीत डोकावून कॅन्सर शोधणार. माझ्या नवऱ्यानं कालच सुरू केलंय. प्रत्येक चट्ट्याला बायॉप्सी करायची का? गजकर्ण हे बहुतेक वेळा गजकर्णच असतं हो!

स्लाइडवाली

मिरचीताईंचं शंभर टक्के खरं. हा आजार दुर्मिळच आहे. मी तरी शंका कधी घेते सांगते: चट्टे ऊन न लागणाऱ्या जागी, कंबर, कुल्ले, मांडीची आतली बाजू, छाती, वर्षानुवर्षं तिथंच, आकार वेगवेगळे, एकाच माणसाच्या अंगावर लाल, तपकिरी, थोडी सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली कातडी, आणि मलम सोडलं की परत. गजकर्णाची खात्री तर खरवडून पाच मिनिटांत मायक्रोस्कोपखाली होते, स्वस्तात. ते कुणी करत नाही हे माझं खरं दुखणं. मोठ्या वयात पहिल्यांदाच "इसब" आलं, आधी कधी नव्हतं, तर मात्र महागडी इंजेक्शनं सुरू करण्याआधी एक तुकडा बघून घ्यावा. त्यातलंच एक डुपिलुमॅब, ते घेतल्यावर दडलेला लिम्फोमा उघडा पडलेल्या केसेस नोंदल्या गेल्यात.

निपाणीकर_अण्णा

मला पण कातडीचाच काहीतरी लिम्फोमाचा चुलतभाऊ आहे, १४ वर्षं झाली. नाव लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस. हातापायावर लाल पुटकुळ्या येतात, मधे काळ्या पडतात, सहा-आठ आठवड्यांत आपोआप बसतात, खड्डा ठेवून जातात, तोवर दुसरीकडं नवीन. तंबाखूच्या वखारीत काम करत होतो, लोक म्हणायचे तंबाखूची ॲलर्जी. तुकड्याचा पहिला रिपोर्ट बघून एका ठिकाणी थेट "फार जोरदार कॅन्सर" सांगून टाकलं, बायको रात्रभर रडली. नशीब की दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "ह्या पुटकुळ्या आपोआप जातात का?" मी म्हटलं जातात की. म्हणाले मग रिपोर्टला घाबरू नका.

सध्या आठवड्यातनं एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, रविवारी. आठवड्यातनं एकदा, परत लिहितो, रोज नाही. आमच्या गल्लीत सांधेदुखीवाल्या एका काकांनी हीच गोळी रोज घेतली, तोंड आतनं सोललं, मरता मरता वाचले. माझी बायको कॅलेंडरवर रविवारला कुंकवाचं बोट लावते.

स्लाइडवाली

अण्णांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार. अण्णांच्या पेशींवर सीडी ३० नावाची खूण असते, दिसायला त्या भयानक दिसतात, नुसती काच बघून मी पण फसू शकते. ह्याच सीडी ३० च्या घरात एक गाठीचा प्रकार आहे, त्याची एखादीच गाठ असेल तर काढून किंवा थोड्या रेडिएशननं भागतं. म्हणून कातडीच्या लिम्फोमात पेशंटला कपडे काढून उजेडात बघणं अर्धं निदान असतं. अण्णांनी तपासणी मात्र सोडू नये, काहींना पुढं दुसरा लिम्फोमा होतो, थोड्यांना, पण होतो.

सांबऱ्याची_नात

सगळेच सौम्य असतात असं वाचणाऱ्याला वाटू नये म्हणून लिहितो. माझ्या आज्जीला (७८) घोट्याच्या वर निळसर-लाल गाठ आली. भाजीच्या परडीचा मार लागला म्हणून आम्ही हळद-तूप बांधलं. दोन महिन्यांत लिंबाएवढी, शेजारी अजून दोन. रिपोर्टात बी पेशींचा (पांढऱ्या पेशींचीच दुसरी जात) लिम्फोमा, "लेग टाइप". डॉक्टरांनी तिथंच सांगितलं, ह्याला थांबायचं नाही. रिटुक्सिमॅब आणि किमो दिली, वयामुळं डोस कमी करून, मग पायाला रेडिएशन. आज्जी दोन वर्षं राहिली, त्यातलं दीड वर्ष चांगलं, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती.

स्लाइडवाली

बरं झालं लिहिलंत. म्हणजे मामा पूर्ण चुकले नाहीत, फक्त पत्ता चुकला. बी पेशींच्या घरातसुद्धा डोक्यावर, पाठीवर एखाद-दुसरी गाठ धरून बसणारे दोन प्रकार अगदी गरीब, थोडं रेडिएशन दिलं की झालं. लेग टाइप मात्र त्याच घरातला पण वेगळ्या वळणाचा. आणि टी पेशींत सेझारी म्हणून एक आहे, सगळं अंग लाल, तळवे फाटलेले, रक्तात त्या पेशी फिरतात, खाजेनं माणूस रात्र रात्र बसून काढतो. तिथं दिव्यानं भागत नाही.

मामांच्या_बाजूने

पत्ता चुकला मान्य. पण मग कुठला पत्ता हे पेशंटनं कसं ओळखायचं? प्रत्येकाला तुमच्यासारखी स्लाइडवाली भेटत नाही.

स्लाइडवाली

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे: टी का बी, नेमका प्रकार कुठला, आणि स्टेज काय. मायकोसिसची स्टेज तर घरीसुद्धा अंदाजानं कळते. बोटांसकट आपला एक तळवा म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. पेशंटच्याच तळव्यानं डाग मोजायचे. दहा तळव्यांच्या आत आणि गाठ नाही, ती वन-ए. दहा आणि वर, वन-बी. एक सेंटीमीटर किंवा मोठी गाठ उठली की टू-बी. ऐंशी टक्के अंग लाल, थ्री. रक्तात, लिम्फच्या गाठींत किंवा आतल्या अवयवात खरोखर शिरला की फोर. लंडनच्या १५०२ पेशंटांच्या अभ्यासात पाच वर्षं जगणारे वन-एमध्ये ९४ टक्के, वन-बीत ८४, आणि टू-बीत एकदम ४७. म्हणजे डाग किती पसरलेत त्याहून गाठ उठली का हे जास्त महत्त्वाचं. गाठ दिसली की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

पुढच्या स्टेजला औषधं बरीच आलीत, बेक्सारोटिन, सीडी ३० वाल्यांना ब्रेन्टुक्सिमॅब, सेझारीला मोगामुलिझुमॅब, सगळ्या अंगाचं इलेक्ट्रॉन रेडिएशन आता १२ ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) कमी डोसात पण देतात. सगळं सगळीकडं मिळत नाही, किमती ऐकून चक्कर येते, म्हणून त्या गावाला आत्ता जाऊ नका.

हलगा_मार्गे

मोठ्या मशीनवरनं आठवलं. आठवड्यातनं तीनदा दिव्याला जायचं म्हणजे रोजगार बुडतो त्याचं काय? आमच्या गावाकडनं एक जण जायचा, दिव्यात दोन मिनिटं आणि बसला चार तास. आठव्या खेपेला सोडलं त्यानं. आणि ते महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेत सीमाभागातली ८६५ गावं घेतली म्हणतात, त्यात बसतं का हे?

निपाणीकर_अण्णा

योजनेत ठरलेल्या आजारांची ठरलेली पॅकेजं असतात, ती पण जोडलेल्या दवाखान्यातच. इकडचं कार्ड असो नाहीतर तिकडचं, आधी दवाखान्याच्या योजनेच्या खिडकीवर रिपोर्ट दाखवून विचारायचं, मग ॲडमिट. दोन राज्यांच्या भांडणात आपण मधी, निदान खिडक्या तरी दोन असू देत.

अनगोळचा_आन्या

रिपोर्ट इंग्रजीत, फॉर्म कन्नडमध्ये, रडणं मराठीत. बेळगाव!

खानापूरची_आई

आन्या, हसू आलं पण खरं सांगू का, आमच्या दिव्याच्या खोलीतल्या सिस्टर कन्नड बोलायच्या, पोरगीला सेकंद मोजायला त्यांनीच शिकवलं. "ओंदु, एरडु, मूरु..." अजून ती घाबरली की कन्नडमधनंच मोजते.

बसचं मात्र खरं आहे. आम्ही डॉक्टरांना विनवून सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळची पहिली वेळ घेतली. सोडू नका हो कुणी मधेच, अर्धवट सोडलं की परत पहिल्या सेकंदापासनं.

कात्रीवाला

मंडळी, महिन्याभरानं लिहितोय. ११ बैठका झाल्या.

आधी तळव्याचं सांगतो. स्लाइडवाली ताईंचं वाचून मी बाबांचा पंजा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखला. बाबांनी तो माझ्या हातनं घेतला, म्हणाले तुला कापता येत नाही, आणि स्वतः कात्रीनं असा सफाईनं कापला की बोटांच्या मधल्या खाचा पण आल्या. मग दार लावून आम्ही दोघं तो कागदी पंजा त्यांच्या अंगावर ठेवत गेलो. आयुष्यात बापाला एवढं उघडं कधी बघितलं नव्हतं, आधी दोघंही गप्प. मग त्यांनीच सुरू केलं, "इथं अर्धा... हा पाव धर... शिलाईत सोड." भरला सहा आणि वर थोडं. मॅडमना सांगितलं, त्यांनी स्वतः मोजून सात लिहिलं. वन-ए. गाठ नाही, रक्त ठीक, सिटी स्कॅन आत्ता लागत नाही म्हणाल्या. मामांना सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले एकदा टाटाचं मत घ्याच, तर स्लाइड-ब्लॉक मागून पाठवालोय, त्यांचंही समाधान होऊ दे.

दिव्याचं कपाट म्हणजे उभ्या ट्यूबलाइट चारी बाजूंनी, आत निळसर उजेड. डोळ्यांना गडद गॉगल. पहिल्या दिवशी सेकंदांतच काम झालं, बाबा बाहेर येऊन म्हणाले, "झालं? ह्याच्यासाठी दुकान बंद ठेवलं?" दर वेळी थोडा वेळ वाढवतात. मांडीच्या बेचक्यात उजेड पोचत नाही म्हणून तिथं मलमच, आणि ह्या वेळी किती दिवस लावायचं ते लिहून दिलंय. खाज निम्म्यावर. कमरेचा मोठा डाग बाबा रोज टेपनं मोजतात, सव्वातीन इंच होता, आता पावणेतीन.

अजून एक. आत उभं राहताना पुरुषांना पुढचा नाजूक भाग झाकून घ्यावा लागतो, तिथं उजेड लागलेला चालत नाही. तिथं सगळे रुमालाला गाठ मारून कसंतरी करायचे, एकाचा सुटला पण म्हणे. बाबांनी घरी येऊन काळ्या जाड ड्रिलचं दोन पदरी, इलॅस्टिक लावलेलं, नीट बेताचं एक शिवलं. सिस्टरनी बघितलं, मॅडमना सांगितलं. आता बारा नगांची ऑर्डर आहे.

अनगोळचा_आन्या

मापं कशी घेतली ते लिहू नका.

कात्रीवाला

फ्री साइज.

संकेश्वरी_मिरची

😂 माझ्या नवऱ्याचं गजकर्णच निघालं. खरवडून बघितलं, पाच मिनिटं लागली.

हलगा_मार्गे

कात्रीवाला, तो मधेच सोडलेला आमच्या गावचा माणूस परत जायला तयार झालाय. सकाळची पहिली वेळ कितीची असते तिथं? पहिली बस पावणेसातला पोचते.